अबोल सोमवार

"शाले, वाढताना हाका मारणाऱ्याकडं पळू नगंस. जो गप बसलाय, त्याचं पान आधी बघ."

आनंदामामाचा आवाज. उंबरीच्या भंडाऱ्यात कमरेला पंचा खोचून मामा आमटीची बादली तिच्या हातात द्यायचा आणि दरवर्षी हेच सांगायचा. शाल्मली तेव्हा जेमतेम बादलीच्या उंचीची. दोन्ही हातांनी कडी धरून, आमटी पायांवर सांडत ती ओळीच्या पार टोकापर्यंत जायची आणि मामा मागून ओरडायचा, "शाब्बास गं!" त्याने देवळात 'हर हर महादेव' म्हटलं की पाण्यापलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागतात, असं लोक हसून सांगत. तसा खणखणीत आवाज.

लाँचच्या फळीवर बसलेल्या शाल्मलीला तो आवाज आता फक्त आठवणीतच ऐकायचा होता. श्रावणातल्या एका सोमवारी मामाला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून त्याला घरी आणलं त्यालाही बरेच दिवस झाले होते, पण भाची आज पहिल्यांदा भेटायला निघाली होती. साताऱ्याहून काही लांब नाही. कामं होती, हे खरं होतं. पण फक्त कामं होती असं नाही, हेही तिला कळत होतं.

"काल गणपती बुडवलं," लाँच चालवणारे जंगमकाका सुकाणूवर हात ठेवून म्हणाले. "मुंबैकर परतायच्या आधी उद्या भावकी बसणार हाय देवळात. आनंदाआबाला पुतण्याकडं न्यायचं घाटतंय."

"का? रेश्मावहिनी करते ना त्याचं सगळं."

"करती हो. पर लोकांचा इस्वास उडाला ना. सासरा ओट्यावर पडलेला, आन ही वरत मोडंल म्हणून फोन न लावता बसली."

"असं कोण म्हणतं?"

"कोण म्हणतंय कशाला? गावानं इचारलं तवा तुमच्या कंपनीचंच उत्तर आलं की! सरपंचांनी देवळात वाचून दाखवलं. त्या दिवशी दिवेलागणीपत्तूर उंबरीतनं एकबी फोन लावल्याची नोंद न्हाय. तुमी तर तिथंच कामाला. तुमाला ठाऊकच आसंल."

शाल्मली पाण्याकडे बघत राहिली. ते उत्तर तिनेच लिहिलं होतं.

"तुमची भिंत बाकी लई गुणाची," जंगमकाका पुढे बोलतच होते. "माझी बायको पलीकडच्या काठावरनं मला शिव्या देती, त्यातला एक शब्द गळत न्हाय. आदी बरं होतं. निम्म्या वाऱ्यावर जायच्या."

भिंत म्हणजे माळेवाडीच्या टेकडीवर उभी असलेली, दोन पुरुष उंचीची करडी पाटी. तिच्यावर तळहाताएवढ्या शेकडो अँटेना ओळीने जडवलेल्या. जुने टॉवर सगळीकडे सारखंच ओरडायचे. भिंत ओरडत नाही. ती प्रत्येकाच्या कानात वेगळं बोलते, तेही एकाच वेळी आणि एकाच लहरीवर. प्रत्येक अँटेना आपली लहर किंचित मागेपुढे सोडते, अशा बेताने की त्या सगळ्या लहरींचे उंचवटे एका ठरावीक फोनपाशी एकावर एक यावेत आणि शेजारच्या फोनपाशी उंचवट्यात खळगा मिसळून सगळं सपाट व्हावं. त्यासाठी भिंतीला प्रत्येक फोनपर्यंतची वाट ठाऊक असावी लागते. म्हणून प्रत्येक फोन सतत एक छोटीशी, ठरलेली हाक देत असतो. ती हाक डोंगराला, झाडांना, पत्र्यांना धडकत कशी वेडीवाकडी होऊन पोचते, त्यावरून भिंत वाट ओळखते. हाक पोचलीच नाही, तर भिंतीच्या लेखी तो फोन नाहीच.

सगळ्यांना एकाच क्षणी देता येत नाही. पाळ्या लावाव्या लागतात. त्या लावण्याची रीत शाल्मलीने बसवली होती आणि कंपनीत तिचं नाव झालं होतं ते त्यामुळेच. लहरीचा जोर कधी एकसारखा राहत नाही. माणूस दोन पावलं सरकला, एखादी एसटी आडवी गेली, की तो चढतो नाहीतर पडतो. मग ज्याची वाट या क्षणी चांगली, त्याला या क्षणी द्यावं. दुसऱ्याची पुढच्या क्षणी सुधारेल, तेव्हा त्याला. साताऱ्याच्या बाजारपेठेत या रीतीने कुणाचं काही न बिघडता दुप्पट काम निघालं होतं.

खोऱ्यातली भिंत ज्यांनी उभी केली, त्यांनी मात्र एक अट घालून ठेवली होती. वाट कितीही खराब असो, प्रत्येक हाकेला थोडा वाटा मिळालाच पाहिजे. अशा एका क्षीण हाकेसाठी भिंतीची बरीच शक्ती खर्ची पडते आणि एकूण कामाचा आकडा खाली येतो. पावसाळ्याच्या तोंडावर शाल्मलीने ती अट काढून टाकली. आकडा वर गेला. तिच्या विभागाचे प्रमुख असलेल्या श्रीखंडे सरांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि इतर खोऱ्यांतल्या भिंतींनाही तीच रीत लावली.

मग तो सोमवार आला.

धरण झालं तेव्हा जुनी उंबरी पाण्याखाली गेली, महादेवाचं देऊळही गेलं. गाव वर चढून वसलं. देव नवा बसवला, पण जुन्याला कुणी विसरलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काळं देऊळ चिखलातून वर येतं, बायका जाऊन दिवा लावतात. श्रावणात पाणी चढत चढत त्याचा कळस बुडवतं, आणि त्यानंतरच्या सोमवारी उंबरी बोलत नाही. सकाळपासून दिवेलागणीच्या पूजेपर्यंत गाव मुकं. देव पाण्याखाली गेला असता आपण वर बसून बडबड कशी करायची, एवढंच त्यामागे. फोन आले तेव्हापासून तेही बंद करून देवापुढे ठेवतात. अडीनडीला बोललं तर पाप लागत नाही, देव काही इतका हट्टी नाही, असं मामाच म्हणायचा.

शाल्मली रोज पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय घराबाहेर पडत नसे आणि तो सोमवार साताऱ्यात राहूनही पाळत असे. त्या दिवशीही ती कंपनीच्या केंद्रात न बोलता काम करत होती. दुपारी इरफान तिच्या टेबलापाशी आला. मिरजेचा मुलगा, नवीन लागलेला.

"मॅडम, उंबरी सगळी गप्प आहे. फक्त एक हाक येतेय, तीही तुटक. मधेच उमटते, मधेच जाते. ओळखू येत नाही. माणूस पाठवून बघू का?"

शाल्मली हसली. ओठांवर बोट ठेवून तिने समोरच्या कागदावर लिहिलं, 'आज त्यांचा अबोल सोमवार. गाव मौनात आहे. उरलेला गोंगाट. संध्याकाळपर्यंत उंबरी झोपव.'

इरफानने उंबरीकडे तोंड असलेल्या अँटेना पलीकडच्या काठावरच्या हॉटेलांकडे वळवल्या. तिथे सुट्टीची गर्दी होती. आकडा आणखी वर गेला. शाल्मलीला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. यंत्राला जे कळत नाही ते आपल्याला कळतं, कारण आपण इथल्या आहोत, असं काहीसं तिच्या मनात आलं होतं. दिवेलागणीला तिने स्वतः उंबरी जागी केली, उदबत्ती लावली आणि मौन सोडलं. पुढच्या घटकाभरात मामेभावाचा, नितीनचा, वाशीहून फोन आला. आबांना लाँचमध्ये घातलंय, म्हणाला. उशीर झालाय.

लाँच उंबरीच्या काठाला लागली. मामाचं घर गावात सगळ्यात खाली, थेट पाण्याच्या कडेला. देऊळ आणि बाकीची घरं वर, डोंगराच्या सोंडेसारख्या दांडाच्या पलीकडे. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत मामा बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा. शाल्मली पाया पडली. त्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"बरं," मामा म्हणाला.

"तेवढंच येतं," रेश्मा दारातून म्हणाली. "भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. परवा आरतीला सगळे म्हणत होते आन आबा आपले तालात, बरं, बरं. पोरं हसली. मीबी हसले. मग आत जाऊन रडले. बसा वन्सं, पाणी आणते."

पाणी आलं, चहा आला. रेश्माने रुमालाने मामाच्या ओठांच्या कडेला आलेली लाळ पुसली आणि कप त्याच्या तोंडाला लावला. घोट गिळेपर्यंत ती स्वतःही गिळत होती, लहान मुलाला भरवताना आई करते तशी.

"नितीन कुठंय?"

"देवळात. माझ्याशी बोलत न्हाईत. त्यांचा अबोल सोमवार अजून संपायचाय."

शाल्मलीने कप खाली ठेवला. "वहिनी, त्या दिवशी नेमकं काय झालं?"

"तुमीबी इचारा. सगळ्यांनी इचारून झालंय. तुमच्या कंपनीनं तर उत्तरबी देऊन टाकलंय."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

रेश्मा खांबाला टेकून उभी राहिली. "जेवण आटपलं होतं. पोरं वर देवळात गेलेली. आबा परड्यातनं आलं, हितं ओट्यावर बसलं आन तोंड एका बाजूला ओघळलं. मी देवापुढचा फोन उचलला. चालू केला. अॅम्ब्युलन्सला लावला, लागंना. ह्यांना लावला, लागंना. ओट्यावरनं लावला, पायरीवरनं लावला, अंगणातनं लावला. वर पळत जावं म्हणून निम्मी चढण चढले आन मागं बघितलं, तर आबा ओट्यावरनं घसरत होते. खाली पाणी. परत पळाले. मग त्यांना कुशीवर धरून बसले, उलटी नरड्यात जाऊ नये म्हणून. बोंब मारली, वर ऐकू गेली न्हाय. थाळी बडवली, तर वरच्यांना वाटलं, सोमवारची पूजा चाललीय. दिवेलागणीला पोरं खाली आली, तवा कुठं माणसं जमली."

"मग फोन दाखवायचास की लोकांना. त्यात दिसलं असतं."

"लाँचमध्ये आबांना चढवताना फोन पाण्यात गेला. त्यावरबी म्हणाले, गेला म्हणे, बरा गेला!" तिने हातातल्या रुमालाची घडी केली. "रात्री सगळ्यांचे फोन लागत होते, वन्सं. मग माझाच कसा लागला न्हाय? मी सांगते ते मलाच खोटं वाटायला लागतं कधीकधी."

शाल्मली उठली. ओट्याच्या पायरीवर उभी राहून तिने स्वतःचा फोन छातीशी धरला. काही नाही. अंगणात दोन पावलं पुढे गेली, काही नाही. मग तिने हात सावकाश वर नेला. दीड वीत वर जाताच फोन एकदम जिवंत झाला. खाली आणला, पुन्हा मुका.

"आता कळस बुडालेलाच आहे ना?"

"श्रावणापासनं तेवढंच हाय पाणी. धरणवाले सोडत्यात, भरत्यात, पर तिथंच राखत्यात. हितं फोन धड चालतच न्हाय तेव्हापासनं. पावसानं आसंल म्हणून आमी वर जाऊन बोलतो."

पाणी आरशासारखं पडलं होतं. वारा नव्हता. पलीकडे टेकडीवर भिंतीचा करडा ठिपका दिसत होता आणि पाण्यात तो उलटाही दिसत होता. शाल्मलीला आणखी काही मोजावं लागलं नाही. टेकडीवरून इथे दोनच वाटा होत्या, एक सरळ आणि एक पाण्यावर आपटून येणारी. पाणी ज्या उंचीवर थांबलं होतं, त्या उंचीला दोन्ही वाटांच्या लहरी या ओट्यापाशी एकमेकींना खात होत्या. एकीचा उंचवटा, दुसरीचा खळगा. बाजारपेठेत असा खळगा क्षणभर टिकतो, कुणीतरी हलतं आणि तो सरकतो. तिच्या रीतीचा सगळा भरवसा त्या हलण्यावर होता. आज नाही तर पुढच्या क्षणी याची पाळी येईल, असा. इथे हलणारं काहीच नव्हतं. पाणी थांबलं की खळगाही थांबला. पुढचा क्षण या घरासाठी महिनाभर आला नव्हता.

आणि तरीही त्या दिवशी एक हाक गेली होती. तुटक, मधेच उमटणारी. ओट्यावरून, पायरीवरून, अंगणातून, वरखाली पळणाऱ्या बाईच्या हातातली. जुनी अट जागेवर असती तर भिंतीने सगळी शक्ती लावून त्या एका हाकेचं बोट धरलं असतं. अट नव्हती, तरी इरफानने ती ऐकली होती, आणि माणूस पाठवू का म्हणून विचारलं होतं.

'उरलेला गोंगाट.' तिचंच अक्षर तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. चांगलं वळणदार अक्षर.

"काय झालं, वन्सं? चेहरा का उतरला?"

"काही नाही. ऊन लागलं."

हे म्हटलं आणि तिची तिलाच किळस आली. महिनाभर ती नकळत खोटी होती, आता कळून खोटी ठरली होती.

ती दांडावरच्या कातळावर चढून गेली. तिथे फोन नीट लागत होता. आधी तिने इरफानला लावला.

"ती काढलेली अट परत घाल. आत्ता, माझ्या नावावर. आणि उंबरीच्या खालच्या घरासाठी पाण्याकडून येणारी वाट मोडून दुसरा कोन धर."

"करतो मॅडम." मग जरा घुटमळून, "त्या दिवशीची हाक... तिथली होती का?"

"हो."

"मी माणूस पाठवायला हवा होता."

"तू विचारलं होतंस, इरफान. तुझ्याकडे काही येत नाही."

श्रीखंडे सरांना लावायला तिला जड गेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. मामाच्या दवाखान्यासाठी गाडी त्यांनीच पाठवली होती.

"अट परत घातलीस, चांगलं केलंस," ते म्हणाले. "बाकीच्या खोऱ्यांतही घालू, हळूहळू. पण उत्तर गेलंय ते गेलंय. त्यात चूक काहीच नाही. कॉल नोंदला गेला नव्हता, हे खरंच आहे."

"सर, त्या उत्तरामुळे एका बाईवर बालंट आलंय."

"दोन महिन्यांत लोक विसरतील. तू उद्या उभी राहून काही बोललीस, तर मग मी तुला वाचवू शकणार नाही. आणि बोलून तुझ्या मामांची वाचा परत येणार आहे का?" त्यांचा आवाज मऊ झाला. "तू तर मौन पाळणारी बाई. हेही एक पाळ."

फोन ठेवल्यावर ती कातळावरच बसून राहिली. सरांचा तिला राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं. तिला आठवलं ते एवढंच, की त्या दिवशी बोलायची अडचण होती असं नव्हे. मौन मोडून इरफानला दोन प्रश्न विचारता आले असते. किती तुटक? कुठल्या बाजूने? पण नेम चुकू नये म्हणून तिने दोन ओळी लिहिल्या आणि दुसऱ्याचा जीव त्या ओळींखाली दाबला. गावात ज्या बाईला व्रतासाठी निर्दय ठरवलं होतं, तिने फोन उचलून मौन मोडलं होतं. पाळलं होतं ते शाल्मलीने.

दिवेलागणीला रेश्माने देवापुढे निरांजन लावलं आणि सवयीने तिला जागा करून दिली. शाल्मली हात जोडून उभी राहिली. तोंडपाठ असलेलं स्तोत्र तिच्या ओठांवर येईना. नाव घ्यायला तोंड कुठलं, असं झालं. ती तशीच मागे सरली आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे बसली. रेश्मा भाताचं पातेलं उतरवायला आली, तेव्हा तिने सांगितलं. अट, कागद, उंबरी झोपवणं, इरफानचा प्रश्न, उत्तर कुणी लिहिलं ते. एका दमात, खाली मान घालून. काही शब्द तिला दोनदा म्हणावे लागले.

रेश्माच्या हातात फडकं तसंच राहिलं.

"म्हंजे मी लावत होते, आन ती हाक ऐकू जात होती?"

"थोडीशी. हो."

"आन तुमी तिकडं बसला होता?"

"हो."

"आबांची भाची."

शाल्मलीने मान वर केली.

"वहिनी, मला माफ..."

"मला सांगून काय उपयोग, वन्सं?" रेश्माचा आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. "मी फोन लावला होता, हे मला ठाऊकच हाय. मला कशाला सांगताय? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून? त्यांना सांगा. ज्यांना ते कागदावरचं वाचून दाखवलं, त्यांना. माझ्या नवऱ्याच्या तोंडावर सांगा."

"सांगते."

"उद्या आबांना उचलून नेतील. त्या पुतण्याच्या घरात तीन जिने हाईत. कोण पुसणार त्यांचं तोंड? त्यांना भात कसा मऊ लागतो, हे कुणाला ठाऊक हाय?" आता तिचे डोळे भरले. तिने फडक्यानेच ते पुसले, फडक्याला काजळी होती आणि ती गालावर उमटली. "मला माझं नाव नको की काय नको. मला आबा पायजेत. पोरीगत ठेवलंय त्यांनी मला."

"उद्या देवळात सगळ्यांसमोर सांगते. शब्द देते तुला."

"आत्ता देताल. सकाळी तुमच्या साहेबाचा फोन आला की?"

"त्यांच्याशी बोलून झालंय."

रेश्माने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "नोकरी जाईल व्हय?"

"जाईल बहुतेक."

"हं." तिने पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला. "माफीचं मग बघू. आधी जेवून घ्या, भात निवतोय."

शाल्मली पानावर बसली. रेश्माने तिच्या पानात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. राग होता, आणि वाढणंही होतं. शिव्या दिल्या असत्या तर सोसणं सोपं गेलं असतं.

सकाळी नितीन येऊन मामाचे कपडे एका पिशवीत भरून गेला. रेश्माकडे त्याने बघितलंही नाही. शाल्मलीला मात्र म्हणाला, "बरं झालं आलीस. तू शिकलेली, तूच सांग चार शब्द, म्हणजे वाद नको. तिकडंच बरं राहील आबांना."

"मी येते वर," शाल्मली म्हणाली. "सांगते."

तो गेल्यावर ती मामासमोर पायरीवर बसली. त्याच्या डाव्या हाताची बोटं तिने आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि रात्री सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. उजव्या डोळ्याची पापणी त्याला पूर्ण उघडता येत नव्हती. डाव्या डोळ्याने तो तिच्याकडे बघत होता. किती समजलं, डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. ती बोलायची थांबली तेव्हा त्याच्या घशात काहीतरी हललं. शब्द जुळवायला तो धडपडला, कपाळाची शीर फुगली, ओठ वाकडे झाले.

"बरं," मामा म्हणाला. मग पुन्हा, अधिक हळू, "बरं."

त्याचा अर्थ माफी असा लावून घ्यायची तिला हिंमत झाली नाही. तिने त्याचा हात परत मांडीवर ठेवला, बोटं सरळ केली. आत रेश्मा मामासाठी पेज ढवळत होती. तिने मान वर केली नाही, या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. फक्त पळीचा आवाज थांबला.

शाल्मलीने तोंडावर पाणी मारलं, ओचा नीट केला. नितीनने भरलेली कपड्यांची पिशवी दाराशी तशीच होती. ती तिने उचलून आत, मामाच्या पलंगाखाली ठेवली. मग चपला घातल्या. वरून देवळातली बोलणी ऐकू येत होती, माणसं जमली होती. ती चढणीला लागली.